कॉम्प्युटरपुढे फोडलेला नारळ

बाबा, माझा जुना लॅपटॉप मी उद्या देऊन टाकतेय. डोंगराकडच्या शाळांना जुने कॉम्प्युटर पोचवणाऱ्या एका संस्थेतली मुलगी इथे पालघरला घरी येऊन तो बघून गेली. निघताना तिने विचारलं, "मॅडम, आतलं तुमचं सगळं काढून घेतलंत ना?" साधाच प्रश्न, पण तिने तो विचारला. तुम्ही हा प्रश्न मला विचारला नव्हता, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्याचा राग माझ्या पोटात तसाच आहे.

बोईसरच्या कारखान्याने मोडीत काढलेला माझा पहिला कॉम्प्युटर तुम्हीच घरी आणला होतात. "घे, तुझाच हाय," म्हणालात. दसऱ्याला त्याला झेंडूची माळही तुम्हीच घातलीत. दोन वर्षं खपून मी त्यावर एक प्रोग्राम केला, तिथी घातली की भरती-ओहोटीची वेळ सांगणारा. मुरब्याचा मामा होडी काढण्याआधी फोन करून वेळ विचारायचा आणि परत आला की पुन्हा फोन, "बरोबर निघाला गं पोरी!" पालघरच्या कॉम्प्युटर क्लासचे सर म्हणाले होते, हा मला चालवून दाखव, बारावीचे मार्क कमी असले तरी डिप्लोम्याला तुला घेतो.

त्यांच्याकडून फॉर्म घेऊन मी घरी आले तर टेबल रिकामं. टेम्पो केव्हाच निघून गेला होता आणि तुम्ही चहा पीत बसला होतात. "आश्रमशाळेला दिला. तिकडच्या पोरींनी कॉम्प्युटर कदी बघितला पन नाय. तुझा आता लगीन ठरला, तुला काय करायचा हाय?" मी रडले नाही, भांडलेही नाही. दुसऱ्या दिवशी पर्समध्ये कोरी फ्लॉपी घालून तुमच्याबरोबर त्या शाळेच्या समारंभाला आले. पाच मिनिटं मिळाली असती तर प्रोग्राम उतरवून घेतला असता आणि कॉम्प्युटर खुशाल देऊन टाकला असता.

ती पडवी मला अजून दिसते. पहिल्या रांगेत निळ्या फ्रॉकातल्या मुली मांडी घालून बसल्या आहेत, डोळे त्या स्क्रीनवर. तुम्ही खांद्यावर शाल घेऊन माइकवर बोलताय, "माझ्या मुलीने हा आपल्या खुशीने दिला हाय. मी नको म्हणत होतो, पन तिने ऐकला नाय." टाळ्या पडतात. मी तुमच्याकडे बघतेय आणि तुम्ही माझ्याकडे बघत नाही. वस्तू नेलीत हे मी एक वेळ गिळलं असतं. पण माझी खुशीसुद्धा तुम्ही मला न विचारता वाटून टाकलीत, बाबा.

मग उद्घाटन. पाहुण्यांना गुडघ्यांमुळे वाकता येत नव्हतं, म्हणून नारळ फोडायचा दगड टेबलावरच ठेवला, चालू कॉम्प्युटरला अगदी खेटून. नारळ फुटला, पाणी जाळीतून आत गेलं, फट् आवाज झाला आणि स्क्रीन काळी पडली. जळका वास सुटला. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आता आमी कदी बघायचा?" येताना गाडीत तुम्ही म्हणालात, "नशीब माझा. चांगला करायला गेलो." प्रवेश हुकला, लग्न झालं, आणि पुढे तुमच्याशी मी कामापुरतंच बोलत आले.

हे याच लॅपटॉपवर लिहितेय. ती मुलगी यायच्या आत बाकीच्या फायलींबरोबर हेही पुसून टाकीन. कोणी वाचणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर होतोय. दगड टेबलावर ठेवला तेव्हाच मला कळलं होतं पाणी कुठे जाणार. मी टेबलाला लागूनच उभी होते, हात पुढे केला असता तरी पुरे होतं. "जरा बाजूला ठेवा," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. पर्समधली फ्लॉपी मुठीत दाबून मी नारळ फुटायची वाट बघत होते.