भाऊजींचा बरा झालेला पाय

बुधवार, १९ नोव्हेंबर, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. (हे लिहायला बसण्याआधी मी ताईच्या काचेच्या बशा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होतो. सहा झाल्या. सातवीला तडा आहे, पण तो आधीचा.)

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. तुमचा रात्रीचा खोकला कमी झाला असेल आणि मामींचा गुडघा त्यांना जिना चढू देत असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही ठीक आहोत. ठीक म्हणजे कुणी आजारी नाही. मामींना हे पत्र वाचून दाखवण्याआधी तुम्ही एकदा मनात वाचा, कारण मधे मधे घर सोडण्याचा विषय आहे.

विषय भाऊजींच्या पदोन्नतीच्या तारखेचा आहे. (पत्र वाटेत कुणी उघडलं तर त्याचा गोंधळ नको म्हणून लिहितो: भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, सैन्यात मेजर. मी त्यांच्याच सरकारी घरात राहतो आणि कचेरीसमोरच्या टंकलेखनाच्या दुकानात लोकांचे अर्ज टाइप करतो.) तुम्हाला मूळ हकीकत माहीत आहेच. भाऊजी कॅप्टन असताना एका बड्या साहेबांच्या स्वागताचा फलक बांधायला शिडीवर चढले आणि पाय मोडून घेतला. हे कर्तव्यावर असताना झाल्यामुळे त्याची नोंद झाली, आणि नोंद झाल्यामुळे पाय बरा होईपर्यंत पदोन्नती थांबली. पुढे ४ मार्चला सैन्याच्या डॉक्टरांनी पाय बरा झाल्याचा दाखला दिला. पण तो दाखला कुणाच्या तरी खणात विसावला आणि कार्यालयात पोहोचला थेट पुढच्या वर्षी ९ फेब्रुवारीला. सरकारच्या हिशेबाने माणूस कागदाबरोबर बरा होतो. म्हणून भाऊजी मेजर झाले ते ९ फेब्रुवारीपासून.

अकरा महिने गेले तर गेले, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं होतं. पण त्या अकरा महिन्यांत, बरोबर सप्टेंबरात, आमचे शेजारी मेजर झाले. त्यांना सगळे शिट्टी म्हणतात, कारण ते आंघोळीला गेले की भिंतीपलीकडून आम्हाला कळतं. ते भाऊजींच्या मागच्या तुकडीतले. प्रशिक्षणात त्यांना बूट चकचकीत कसे करायचे हे भाऊजींनीच शिकवलेलं. तेच शिट्टी पाच महिन्यांनी ज्येष्ठ झाले, आणि गेली बारा वर्षं भाऊजी त्यांना सर म्हणतात, गाडीत मागे बसतात, आणि घरी येऊन जेवताना त्या पाच महिन्यांबद्दल बोलतात. ताई म्हणते, एवढ्या वर्षांत आमच्याकडे मीठ कमी पडलं असेल, पण शिट्टी कमी पडली नाही.

आता हे सगळं जेवणाच्या टेबलापुरतं राहिलं असतं. पण येत्या १० डिसेंबरला लेफ्टनंट कर्नलच्या एका जागेसाठी निवड आहे. जागा एक आणि यादीत शिट्टी भाऊजींच्या वर. शिवाय नियम असा की एप्रिल ते मार्च अशा ज्या सरकारी वर्षात मेजरच्या हुद्द्यावर तेरा वर्षं भरतात, त्या वर्षीच्या डिसेंबरात वरचा हुद्दा मिळाला नाही, तर मार्चअखेर घरी जायचं. भाऊजींची तेरा वर्षं येत्या फेब्रुवारीत भरतात. म्हणजे डिसेंबर हीच शेवटची संधी. तेव्हा दीड वर्षापूर्वी ताई मला म्हणाली, तू दिवसभर परक्यांचे अर्ज बडवतोस, एक घरच्या माणसाचा बडव.

मी दहावीला गणितात गेलो हे खरं. पण शुद्धलेखनात माझा कुणी हात धरणार नाही. मी अर्ज केला, तीन प्रतींत, एकही खाडाखोड नाही. तो आठवड्यात परत आला. शेरा होता, 'सक्षम अधिकाऱ्यांमार्फत पाठवावा.' सक्षम अधिकारी कोण हे विचारत मी चार मजले फिरलो. प्रत्येक खोलीत एक माणूस होता, आणि प्रत्येकाने सांगितलं की सक्षम अधिकारी पलीकडे बसतात. पुढे अपील शाखेतल्या हेडक्लार्कबाईंनी मला समजावलं की सक्षम आहोत असं कुणी कबूल करत नसतं, कारण केलं की सही करावी लागते. शेवटी जे साहेब रजेवर होते, त्यांना सक्षम ठरवण्यात आलं.

मग मुदतीचा प्रश्न निघाला. चूक कळल्यापासून नव्वद दिवसांत अपील करावं लागतं. बाई म्हणाल्या, साहेबांना चूक कधी कळली ते प्रतिज्ञापत्रावर लिहा. मी भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, पहिल्याच दिवशी, दुपारी. तसं लिहिलं असतं तर अपील तिथेच संपलं असतं. मग बाईंनीच वाट दाखवली. कळणं वेगळं आणि लेखी कळवलं जाणं वेगळं. तुम्ही कार्यालयाला विचारा की आमच्या बाबतीत काही चूक झाली आहे का. कार्यालय कळवेल, 'नाही'. ते उत्तर मिळालं, की त्या दिवशी तुम्हाला कळलं. मामा, मी यात तीनदा गणित चुकतोय का ते पाहिलं. पण कार्यालयाचं 'नाही' आलं आणि आमची मुदत सुरू झाली.

जुनी फाइल सापडायला पाच महिने लागले. ती हरवलेली नव्हती. बाईंच्याच टेबलाचा एक कोपरा डुगडुगायचा, त्याखाली होती. बाई काढू देईनात. त्यांचंही चुकत नव्हतं, शाई सांडली असती. मी घरून तेवढ्याच जाडीची वाटणारी एक वही नेली, ती अर्ध्या इंचाने कमी भरली, मग बाजारातून जाड वही विकत आणली, ती टेबलाखाली सारली आणि भाऊजींची फाइल काढून घेतली. तिच्यावर टेबलाच्या पायाचा गोल ठसा आहे. पुढे सुनावणीत एका साहेबांनी तो शिक्का समजून त्याची तारीख विचारली.

सुनावणीला भाऊजी असे तयार होऊन गेले की रस्त्यातल्या दोघांनी उगाचच बाजूला होऊन वाट दिली. तीन साहेब बसले होते. त्यांनी कागद उलटेपालटे केले आणि मधल्या साहेबांनी सांगितलं, जरा चालून दाखवा. तेव्हा पाय बरा होता का, हे पाहण्यासाठी आज. भाऊजी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, वळले, परत आले. डाव्या बाजूचे साहेब झोपले होते, ते बुटांच्या आवाजाने जागे झाले. निकालात लिहिलं, 'चाल समाधानकारक.'

आणि ३ नोव्हेंबरला आदेश आला. अपील मान्य. पदोन्नतीची तारीख ९ फेब्रुवारीऐवजी आदल्या वर्षीची ४ मार्च अशी वाचावी. मामा, त्या संध्याकाळी भाऊजींनी तो कागद सगळ्यांना वाचून दाखवला, मग एकट्याने वाचला. दुसऱ्या दिवशी शिट्टींनी फाटकापाशी थांबून त्यांना सर म्हटलं. भाऊजींनी नुसती मान हलवली, पण घरी येऊन ताईला म्हणाले, आज भाजी फार छान झाली आहे. ताई म्हणाली, अजून चिरलेली नाही.

तीन दिवसांनी दुसरा कागद आला. पहिल्याच्या पोटातून निघालेला. तारीख ४ मार्च वाचली, की तेरा वर्षं यंदाच्या ३ मार्चला भरतात. वरच्या हुद्द्याच्या निवडीची भाऊजींची पाळी गेल्या डिसेंबरात होती, आणि तेव्हा त्यांची निवड झालेली दिसत नाही. (त्यांचं नावच त्या यादीत नव्हतं, पण तसा रकाना नाही.) सबब मेजर हे यंदा मार्चमध्येच निवृत्त झालेले आहेत. त्यानंतरचा सात महिन्यांचा पगार परत भरावा आणि घर ३० नोव्हेंबरपर्यंत रिकामं करावं.

म्हणजे भाऊजी मार्चपासून निवृत्त होते आणि आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. रोज गणवेश घालून ते जात होते, ते सरकारच्या मते फिरायला. जुलैत त्यांनी दोन जवानांना रजा दिली, ती आता एका खाजगी इसमाने दिलेली ठरते. ते जवान परत आले आहेत, हे त्यातल्या त्यात बरं.

परवा शिट्टी आणि वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, भेटायला आले. शिट्टी भाऊजींना तीनदा सर म्हणाले. वहिनींनी पर्समधून टेप काढला आणि खिडक्या मोजल्या. आमचं घर कोपऱ्यावरचं आहे, हवा चांगली येते. ताईने चहा दिला आणि म्हणाली, "मोजा हो वहिनी, निवांत मोजा. स्वयंपाकघराची मात्र लागत नाही. मी बारा वर्षं अर्ज देतेय, आता तुम्ही द्या."

मी हेडक्लार्कबाईंकडे धावलो. अपिलाविरुद्ध अपील करता येतं का? बाई म्हणाल्या, हरलेल्याला येतं, तुम्ही जिंकलात. मी टेबलाकडे बघत उभा राहिलो, तेव्हा त्यांना कीव आली असावी. म्हणाल्या, मूळ दाखलाच चुकीचा होता असा नवा पुरावा असेल, तर आदेश मागे घेता येतो, आणि मग जुनी तारीख, नोकरी, घर, डिसेंबरची निवड सगळं आपसूक परत येतं. पण ३० तारखेच्या आत. आणि साहेबांचा पाय बरा झाला नव्हता, असं आता कोण सांगणार?

भाऊजी म्हणतात, राहू दे, ज्येष्ठता तर मिळाली. असं म्हणतात खरं. आज पहाटेही त्यांनी उठून बूट पुसले, दोन्ही, टाचेसकट. थोडा वेळ ट्रंकेवर बसले आणि बूट पुन्हा पिशवीत ठेवले. मी बशा गुंडाळत होतो, म्हणून मी वर पाहिलं नाही.

असो. मामींना नमस्कार. प्रकृतीला जपावं. थंडीत मफलर वापरावा.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. खरं म्हणजे पत्र ज्यासाठी लिहिलं ते वर कुठे बसेना. मामा, तुम्ही हाडांच्या दवाखान्यात तीस वर्षं प्लास्टर घातलंत, तुमचा शब्द कागदावर चालतो. मागे इथे आला होता तेव्हा तुम्ही मला सांगितलंत, की ताईच्या लग्नाच्या दिवशी भाऊजींचा घोटा असा सुजला होता, की तुम्ही दार लावून तासभर शेकला आणि पट्टी बांधली. ते लग्न दाखल्याच्याच वर्षी मेमध्ये होतं. म्हणजे ४ मार्चच्या दोन महिन्यांनंतर. हे कुणाजवळ बोलू नकोस म्हणालात, म्हणून बोललो नाही. पण काल त्यांचे बूट पाहिले, तर डाव्या बुटात कापसाची जाड गादी शिवलेली आहे. आणि डॉक्टरांचा जो दाखला मी नऊ वेळा टाइप केला, त्यात स्पष्ट आहे, 'उजवा पाय तपासला. उत्तम. मोडल्याची खूणसुद्धा राहिलेली नाही.' डॉक्टर समोर उभे होते मामा. त्यांच्या हाताला आधी जो आला, तो पाय त्यांनी तपासला. न मोडलेल्या पायावर खूण कुठून राहणार? आणि भाऊजी गप्प राहिले, कारण मेजर व्हायचं होतं. पुढे नऊ साहेबांच्या सह्या झाल्या आणि तीन साहेबांनी चाल पाहिली, पण मूळ नोंदीत मोडलेला पाय कोणता लिहिलाय, ते कुणी पाहिलं नाही. मीही नाही, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. मी काल जेवताना भाऊजींना सहज विचारलं, तुमचा कोणता पाय होता हो? ते म्हणाले, "दोन्ही सरकारचे. तू भात घे." तेव्हा त्या दिवशी तुम्ही कोणता पाय शेकला, एवढंच एका कागदावर लिहून, खाली सही करून पाठवा. भाऊजींना दिलेला शब्द मोडावा लागेल, याची मला जाणीव आहे.

ता. क. दुसरा. मी पाकीट आणायला उठलो, तेवढ्यात ताईने पत्र वाचलं. मी घाबरलो, कारण तिला ही गोष्ट माहीत नव्हती, असं तुम्ही आणि भाऊजी समजून होता. ती म्हणाली, "डावाच. त्या दिवशी मी मुद्दाम पावलं बारीक टाकत होते. लोक म्हणाले नवरी लाजते. मी कसली लाजतेय, तो पडेल म्हणून चालले तशी." मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली, तुम्हाला बायकोचा शब्द कुठे हवा होता, कागद हवा होता. आणि तुम्हाला निरोप आहे, तो तिच्याच शब्दांत देतो: मामा, दोघांनी मिळून माझ्यापासून लपवलंत. आता दाखला तरी वेळेवर पाठवा.

आजवरचा हिशेब असा. कागद, झेरॉक्स, तिकिटं, प्रतिज्ञापत्र आणि बसभाडं मिळून ४,३१२ रुपये. टेबलाखालची जाड वही ६० रुपये, परत मिळणार नाही. सरकारचं भाऊजींकडे येणं, सात महिन्यांचा पगार, हप्ते देत नाहीत. भाऊजींचं सरकारकडे येणं, अकरा महिन्यांच्या पगारातला फरक, तत्त्वतः मंजूर. ताईचं माझ्याकडे काही नाही. आमचं तुमच्याकडे, एक दाखला. सोबत परतीच्या टपालाचं तिकीट जोडलं आहे, किंमत वर धरली आहे. दाखला द्यायचा नसेल, तर तिकीट पाठवायची तसदी घेऊ नका. ३० तारखेला आम्ही सगळे सामानासकट तुमच्याकडे येऊ, तेव्हा मी घेईन.