शुद्धलेखन

सोमवार, ता. ३

आज जलशुद्धीकरण केंद्रावर रुजू झालो. अठ्ठावीस वर्षं लहानमोठ्या पंपघरांत काढल्यावर पन्नाशीच्या तोंडावर अशी जागा मिळाली, देवाची कृपाच म्हणायची. टेकडीवर आवार, भोवती झाडं, आणि नियंत्रण खोलीच्या खिडकीतून खालचं सगळं शहर दिसतं. त्यातल्या पिवळ्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझी लेक राहते. बदली मागून घेतली ती तिच्यासाठीच. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना, आणि तिला आता आठवा महिना आहे.

काम सोपं आहे. नदीचं पाणी येतं, तुरटीने गाळ खाली बसतो, मग वाळूतून गाळलं जातं, आणि शेवटी क्लोरीन मिसळलं की मोठ्या नळातून शहराकडे निघतं. इथून पहिल्या घराच्या तोटीपर्यंत पोचायला चाळीस मिनिटं. सगळे आकडे पडद्यावर. माउस दाबला की झडप उघडते, दाबला की मिटते. चार माणसांच्या धावपळीचं काम मी खुर्चीत बसून करतो. तरी झडप उघडण्याआधी मनातल्या मनात हात जोडले. कुणाला पाणी पाजायचं म्हणजे साधी गोष्ट नाही.

मंगळवार, ता. ४

जोडीला एक चावीवाला आहे. झडपा हाताने फिरवायच्या काळातला, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला. त्याची छातीइतकी उंच लोखंडी चावी तळघराच्या दारामागे टांगलेली असते. आता तिचं काम पडत नाही, पण तो तिला दर आठवड्याला तेल लावतो. रोज सकाळी शहराकडे जाणाऱ्या नळाच्या तोटीतून पेलाभर पाणी पितो. आधी माझ्या घशातून, मग गावाच्या, म्हणतो. यंत्र मोजतंच आहे की, असं मी म्हटलं, तर म्हणाला, यंत्राला घसा असतो का हो?

ही रोजनिशी मी इथल्याच संगणकावर लिहितो. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून लेकीने मराठी टायपिंगचे धडे एका पेन ड्राइव्हवर घालून दिले, आबा आता तरी शिका म्हणाली. भिंतीवर पाटी आहे, बाहेरची वस्तू संगणकाला जोडू नये. मी घुटमळलो. चावीवाला म्हणाला, मास्तर, त्याच पाटीखाली आधीचा माणूस फोन चार्ज करायचा, केंद्र काही बुडालं नाही. मला लिहिताना पाहून त्याने पहिल्याच दिवशी मास्तर करून टाकलंय.

जोडला. फोनही तिथेच चार्जिंगला लावला.

शुक्रवार, ता. ७

हात बसू लागला. सकाळच्या फेरीनंतर पानभर लिहून होतं. दुपारी लेकीचा निरोप येतो, आबा, डबा खाल्लात का? खाली तिमणी. मग मी डबा उघडतो. काल संध्याकाळी तिच्याकडे गेलो होतो. पाय सुजलेत, पण चेहरा भरलाय. जावई फिरतीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तिमणी म्हणते, आबा, तुम्ही वरून नळ सोडता आणि मी खाली चहा ठेवते, एकाच घरात असल्यासारखं वाटतं. त्या वाक्यावर मी रात्री बराच वेळ विचार करत पडलो होतो. माणसाला देवाकडे याहून काय मागायचं असतं?

बुधवार, ता. १२

एक गंमत झाली. मागची पानं वाचत होतो. तुरटी हा शब्द मी जन्मभर तू दीर्घ काढून लिहीत आलो. शाळेत त्यापायी छड्या खाल्ल्या, तरी सवय गेली नाही. संगणकावरही तसाच लिहिला होता, नक्की आठवतं. आज पाहतो तर सगळीकडे तु ह्रस्व. शुद्धीकरण, निवृत्ती, असले अवघड शब्दही बरोबर. एकही चूक नाही.

चावीवाल्याला दाखवलं. म्हणाला, फुकटात शिकवणी मिळतेय तर घ्या की. पाणी शुद्ध करायला आलात, भाषाही शुद्ध होऊन जाईल.

शुक्रवार, ता. १४

संगणक दुरुस्त करणारा माणूस आला होता. दहा मिनिटं बसला. म्हणाला, शब्द आपोआप सुधारत असतील, हल्ली सगळीकडे तसंच असतं. मी विचारलं, मग लिहितानाच का सुधारत नाहीत, चार दिवसांनी जुन्या पानात जाऊन का? तो चहा पिऊन निघून गेला.

येत्या गुरुवारी चावीवाल्याच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तीन महिने थांबून तारीख मिळाली. तो दिवस मी एकटाच. पेल्याचं कामही माझ्याकडे दिलंय.

शनिवार, ता. १५

हे कागदावर लिहितो आहे. दुकानातून वही आणली.

आज सकाळी मुद्दाम एक ओळ चुकीची लिहिली. उद्या परिक्षा आहे. रि ह्रस्व ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसलो. उन्हाचा कवडसा टेबलावर, बाहेर चावीवाला झाडांना पाणी घालत गुणगुणत होता. माउसला कुणाचाही हात नव्हता. पडद्यावरचा बाण हलला. सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखा. त्या रि पाशी आला. अक्षर पुसलं. री लिहिलं. मग बाण पुन्हा होता तिथे जाऊन थांबला.

मी पेन ड्राइव्ह उपटून काढला. काटा निघाला तरी विष अंगात राहतं, हे मला कळतंय. ज्या संगणकावर मी लिहीत होतो त्याच संगणकावर झडपा आहेत.

मागची पानं छापून या वहीत चिकटवली. एका शब्दावर मात्र पेनाने खाडाखोड केली आहे. संगणकात जो कुणी शिरलाय त्याने तिमणीचं सगळीकडे चिमणी केलं होतं. त्याला वाटलं असेल, हीसुद्धा चूकच. लहानपणी लेकीला च म्हणता यायचा नाही. तू कोण, विचारलं की म्हणायची, मी तिमणी. तिची आई हसून हसून रडायची. तेच नाव राहिलं, आणि लेक अजून निरोपाखाली तेच लिहिते. या नावाची ही गोष्ट मी संगणकावर कधी लिहिली नाही, आणि आता लिहिणार नाही.

या वहीत चुका राहतील. राहू देत.

सोमवार, ता. १७

मुख्य कचेरीला फोन केला. साहेबांना सगळं सांगितलं, पेन ड्राइव्हचंही. साहेब म्हणाले, आमच्या पडद्यावर तुमचं केंद्र व्यवस्थित दिसतंय. नियम मोडल्याचा लेखी खुलासा पाठवा. माणूस पुढच्या आठवड्यात येईल. मी म्हटलं, तोवर झडपा हाताने चालवू का? साहेब म्हणाले, एवढा खर्च करून यंत्रणा बसवली ती तुम्ही चावी फिरवायला? आणि जाता जाता, चष्म्याचा नंबर तपासून घ्या.

खुलासा लिहिला. चूक माझी आहे हे पहिल्या ओळीत लिहिलं.

मंगळवार, ता. १८

बाण आज क्लोरीनच्या आकड्यावर येऊन थांबला. काही केलं नाही. नुसता उभा. दारात कुणी उभं राहावं तसा. पाऊण तास.

चावीवाल्याने पाहिलं. आज थट्टा केली नाही. म्हणाला, मी ऑपरेशन पुढे ढकलतो. मीच नको म्हटलं. डोळा जाईल त्याचा. त्याने मला तळघरात नेलं, चावी कशी लावायची दाखवली. बंद करायला एकशेवीस फेरे. म्हणाला, मास्तर, मोजत राहा, मोजलं की भीती वाटत नाही.

बुधवार, ता. १९

क्लोरीन थोडं वाढलं. आपोआप. मी कमी करायच्या आत आपोआप कमी झालं. कोण पाहतंय, ते पाहत असावा.

संध्याकाळी लेकीकडे गेलो. म्हटलं, दोन दिवसांचं पाणी भरून ठेव, उद्या नळाचं पिऊ नकोस. ती हसली. आबा, तुमच्या हातचं पाणी, तुमच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवू? मी जास्त बोललो नाही. या दिवसांत तिला घाबरवायचं कसं? बोलायला हवं होतं.

गुरुवार, ता. २०

सकाळी नऊ. प्रार्थना करून आलो. चावीवाला नाही. पेलाभर पाणी प्यालो, चांगलं आहे. आकडे ठीक. बाण जागेवर.

दहा चाळीस. लेकीच्या नंबरावरून निरोप. आबा, कळा सुरू झाल्या, दवाखान्यात नेतायत, लगेच निघा.

वही पिशवीत घातली. निघतो.

अकरा. फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. निरोप पुन्हा वाचला. खाली लिहिलंय — चिमणी.

च.

माझी लेक असं लिहीत नाही. माझा फोन त्याच संगणकावर चार्ज होत होता, तिचा नंबर त्याला तिथूनच मिळाला असेल, पण तिमणी ही चूक नाही हे त्याला माहीत नाही. मी इथून उठावं एवढंच त्याला हवंय. पण खरंच कळा असल्या तर? दुसऱ्या कुणी तिच्या फोनवरून लिहिलं असेल तर? शेजारीण? पाच वेळा फोन केला. उचलत नाही. देवा, एका अक्षरावर मी पोरीला सोडून इथे बसलोय.

अकरा पाच. पडद्यावरचे आकडे कालच्या नोंदीशी ताडून पाहिले. तेच. मिनिटामिनिटाला तेच. नऊनंतर पडदा कालचाच दिवस दाखवतोय.

अकरा आठ. तोटी उघडली. पेला तोंडाला लावायच्या आधीच वास. एक घोट. घसा जळाला. थुंकलो.

नऊपासून. म्हणजे दहा वाजायच्या आधीच खाली पोचलं —

अकरा दहा. माउसने झडप मिटली. उघडली. मिटली. उघडली. तो बसलाय तिकडे. साहेबांना फोन. म्हणाले, आमच्याकडे सगळं ठीक आहे, कशालाही हात लावू नका. मी फोन ठेवला.

अकरा वीस. तळघर. चावी लावली. पन्नास फेरे झाले. दम लागतोय, खोकला थांबत नाही, तेवढ्यात लिहितो. पडद्यावर जे उरेल ते खोटं असेल म्हणून कागदावर लिहितो. कुणाला सापडलं तर — तूरटीच्या टाकीला काही झालेलं नाही. क्लोरीन. तयार पाणी साठवलेली वरची टाकीही रिकामी करा. लोकांना सांगा. चूक माझी, लेकीची नाही, तिने फक्त धडे दिले होते.

नव्वद.

एकशेवीस. मिटली. हाताने मिटली, त्याला उघडता येणार नाही. चावी तशीच अडकवून ठेवलीय.

अडीच तास पाणी गेलं.

अकरा चाळीस. पायऱ्यांवर बसलोय. फोन वाजला. निरोप. तिच्याच नंबरावरून.

आबा, एवढे फोन का? डोळा लागला होता. मी घरीच आहे, बरी आहे. उठून दोन पेले पाणी प्यायले, कसलं हो आज तुमचं पाणी, घसा नुसता पेटलाय, पोटातही जळजळतंय.

खाली सही आहे.

हाही त्याचाच असेल. त्याचाच. फसवतोय मला. च असेल तर त्याचाच.

चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

त.

त आहे. तिमणी.

देवा, इतके दिवस कुणी न सांगता सगळं सुधारलं, आज एवढं एक अक्षर — एवढं एकच कुणीतरी दुरुस्त —