आठवी गंमत

नेवाडा,
१५ ऑक्टोबर १९९६

प्रिय डेल्मार,

मी बरी आहे. वाऱ्याने डोकं उठवलंय, पण खानावळ चालू आहे. तुझं पत्र मिळालं. "वहिनी, ते कागद आजच्या आज काढ," म्हणून दरडावलंयस. नाही काढणार, जा!

बशीखाली घालायचे साधे कागद ते. 'लष्करी तळाविषयी गमतीजमती.' बर्गर येईस्तोवर गिऱ्हाइकं वाचतात आणि खिदळतात. तळ नकाशात नाही. कामगारांना नेणाऱ्या विमानावर नाव नाही. सिनेमावाल्यांनी तिथे परग्रहावरची माणसं नेऊन ठेवलीत. अशा सात होत्या. मी आठवी छापून घेतली: 'माझा नवरा थेन लीव्हिट तिथे खड्ड्यात कचरा जाळायचा. त्या धुराने तो गेला. सरकार म्हणतं, तो तिथे नव्हताच.' परवा डोक्यावर हिरव्या शिंगांची टोपी घातलेली एक बाई हसत हसत वाचत आठवीपर्यंत आली आणि घास हातात धरून माझ्याकडे बघत बसली.

काल पांढऱ्या गाडीतले, तळाचे ते दोघे पहारेकरी आले. थोरला म्हणाला, "बाई, हे बरं दिसत नाही." म्हटलं, "जे मुळात नाहीच, त्याबद्दल लिहिलं तर तुम्हाला का झोंबतं?" धाकट्याला हसू आवरेना. थोरला अर्धी कॉफी टाकून उठला.

आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. पुरुषांनी तळावर कामाला निघताना "वर जाऊन येतो" एवढंच म्हणायचं आणि परत आल्यावर बायकांनी फक्त "जेवायचं का?" विचारायचं. मी संसारभर तेवढंच विचारलं. शर्टाला जळक्या प्लास्टिकचा वास यायचा, तर मी वेडी साबण बदलत राहिले! शेवटी शेवटी डॉक्टर काकुळतीला आला होता, "काय हुंगलंत ते तरी सांगा." थेन भिंतीकडे बघत राहिला. तळाबद्दल अवाक्षर काढणार नाही म्हणून केलेल्या सहीला जागला. मला त्याचा इतका संताप आला की रडूसुद्धा फुटेना. खड्ड्याचं मला तूच सांगितलंस, त्याला पुरून आल्यावर, गाडीत हुंदके देत.

सोमवारी मी न्यायाधीशासमोर उभी राहणार आहे. थेन तिथे होता, एवढं सरकारकडून वदवून घ्यायचंय. वकील म्हणतो, त्याच्यासोबत काम केलेला एक तरी माणूस हवा. तू म्हणतोस, "मी सही केलीय, पेन्शन जाईल." केलीस, कबूल. थेननेही केली होती. मी नाही केली. माझं तोंड कुणाच्या बापाला विकलेलं नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. दफनाच्या दिवशी एवढ्या उन्हात तू हातमोजे काढले नाहीस. माती टाकताना एक सरकला, मी पाहिलं. तीच भेगाळलेली, खवल्यांसारखी कातडी. थेनचं असंच सुरू झालं होतं. तुझी जॉलीन काय विचारते रे तुला? "जेवायचं का?" एवढंच ना?

डॉक्टरला सांग, डेल्मार. मग सोमवारी माझ्यासोबत चल. कागदावर आठवीच्या खाली अजून जागा आहे, आणि तिथे मला तुझं नाव छापायचं नाहीये.

खाली सही करतेय. ही मात्र माझ्या राजीखुशीची.

तुझी वहिनी,
व्हर्ला लीव्हिट