'पाच मिनट, भैया'

प्रिय चेतना,

जयभीम. दवाखान्याच्या कागदावर नुकसान लिहिलंय: एक मॉनिटर, काउंटरची काच. खरं मी मोजलं. तुझे दोन दात, भुवईवर नऊ टाके, उजवी करंगळी. आणि उरला गावाकडच्या कारखान्यांतल्या रोलिंग मिलमधला एक माणूस, जिवानिशी.

तू गोंदियाला आईकडे गेलीस, बरं केलंस. गोदाताई माझं नाव काढू देत नसेल. तिच्या पोरीला त्या काउंटरवर मीच बसवलं. ऑफिस शंकर नगरच्या बड्या वस्तीत झालं तरी मी रुळांपलीकडच्या गुढियारीचाच. रेल्वेच्या खलाशाचा पोट्टा चार दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो, याचा मला माज होता. अकरा वर्षांत दवाखान्याचा फोन दुसऱ्या घंटीपलीकडे वाजू दिला नाही, हे मी प्रत्येक मालकाला ऐकवायचो.

तुला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: सिस्टीम बसली तरी 'बंद आहे' म्हणायचं नाही, 'पाच मिनट, भैया' म्हणायचं. लोक थांबतात. माझी सगळी पोरं हेच म्हणतात.

काउंटरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मी पाहिलं, कान लावून ऐकलं. सिस्टीम बसलेल्या त्या दीड तासात तू चौदा वेळा पाच मिनिटं मागितलीस. त्या माणसाचा पाय मशीनमध्ये चिरडला होता. रक्ताची पिशवी आत फ्रिजमध्ये तयार होती. पण कॉम्प्युटरवर नोंद झाल्याशिवाय ती द्यायची नाही, हा नियमही मीच बसवून दिलेला. त्याचा भाऊ आधी हात जोडत होता, "दीदी, देख ना." मग आतून रडणं आलं. त्याने काउंटरवर चढून तुझी वेणी मुठीला गुंडाळली आणि काचेवर डोकं आपटत प्रत्येक वेळी विचारलं, "पांच मिनट होगे का, दीदी?" काच फुटली तरी तो थांबला नाही. दुसऱ्याने आग विझवायची लाल टाकी तुझ्या हातावर घातली. गार्ड श्यामराव म्हणाला, "ये हमारी स्टाफ नहीं है, ठेके वाली है," आणि बाजूला झाला. फरशीवर दात पडल्याचा आवाज मला ऐकू आला.

काल मॅनेजरने मला चहा पाजला. म्हणे, "देवीदासभाऊ, पोट्टीचीच चूक लिहा ना. तिनं तुम्हाले कळवलंच नाही म्हणा. तुमचा ठेकाही राहते, आमचं नावही राहते." कागद टाइप करून तयार होता. मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. चष्मा खिशातच होता, हे त्यालाही दिसून राहिलं होतं. तो हसला, मीही हसलो. उद्या परत बोलावलंय.

उद्या मी सही करणार नाही, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही, पोरी. चार दवाखाने, बावीस पोरांचे पगार. मी मला ओळखतो. म्हणून आजच हे स्वतःच्या हाताने लिहून, खाली पूर्ण नाव घालून तुला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवतोय. हे पत्र ठाण्यात दे. उद्या मी काहीही बोललो तरी हेच खरं धरायला सांग. त्या दुपारी मी दुसऱ्या एका दवाखान्याच्या मालकाकडे जेवायला होतो, नव्या ठेक्याची बोलणी चालली होती, आणि फोन ताटाशेजारी ठेवला होता. तुझे सात फोन आले. सातही वाजून थांबेपर्यंत मी ऐकले.

तुझाच मामा,
देवीदास श्रावण मेश्राम