घासूनपुसून ठेवलेली खोली

चि. सौ. सूनबाईस, तुझ्या कटकट्या सासूचे पोटभर आशीर्वाद.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. धाकट्याचा खोकला थांबला का?

काळजीचं काही नाही असं लिही म्हटलं, तर पत्र लिहून देणारा शेजारचा शिंपी माझ्याकडे डोळे वटारतोय. म्हणून खरं सांगते. चाळ पाडायची म्हणून साहेब खोल्या बघायला आला होता. जो खरोखर राहतो, त्यालाच नव्या इमारतीत घर. बाकीच्यांचं नाव कटाप. साहेब येणार म्हणून मी भिंतीवरची काजळी खरवडली, कपडे ट्रंकेत कोंबले, स्टोव्ह घासून माळ्यावर टाकला, वाळत घालायची दोरीसुद्धा सोडली. साहेब डोकावला आणि म्हणाला, “आजी, इथे कोणी राहत नाही. आजच्यापुरत्या येऊन बसलात ना?”

“अहो, लग्न होऊन आले ती याच खोलीत!” म्हटलं. त्याला पटेना. सोमवारी परत येतो, मग काय ते ठरवतो म्हणाला.

तुझ्या सासऱ्यांनी कारखान्यात हाडं झिजवून मिळवलेली खोली माझ्या केरसुणीने घालवली, तर वर गेल्यावर त्यांना काय तोंड दाखवू?

आता केर काढत नाही. हात नुसते शिवशिवतात. पण एकट्या म्हातारीचा पसारा तो केवढा! पत्र मिळताच मुलांना घेऊन निघ. त्यांना सांडू दे, भिंतीवर रेघोट्या मारू दे. आणि तू साहेबासमोर माझ्याशी भांड, आमटीत मीठ कोणी जास्त घातलं म्हणून, अगदी नेहमीसारखी. तेवढं ऐकल्यावर इथे कोणी राहत नाही म्हणायची त्याची छाती होणार नाही.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी सासू