वरच्या वर्गातला खडू

१२ सप्टेंबर १८७७, इस्तंबूल

शेवटच्या वर्षाची मुलं आज रशियनांविरुद्ध प्लेव्हनाच्या लढाईवर गेली. परीक्षा न होताच! लष्करी शाळेचा प्रमुख म्हणून हुकमावर सही माझी. घरी आलो तर नेव्हरेस म्हणाली, "भूमिती तरी पुरी शिकवायची होतीत." तीस वर्षांच्या संसारात बायको इतकं बोचरं कधी बोलली नव्हती.

२ नोव्हेंबर

रखवालदार बेकिर म्हणतो, "पाशा, तिन्हीसांजेला वरच्या वर्गात जाऊ नका. खडू वाजतो."
"उंदीर असेल."
"उंदीर लिहितो होय, पाशा?"

५ नोव्हेंबर

मीही ऐकला. दोन रेघा — मग थांबणं — मग तिसरी. रासिह असाच थांबायचा. माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी. त्याची रेजिमेंट कापली गेली म्हणतात.

दार उघडायचा धीर झाला नाही. मी — पाशा!

६ नोव्हेंबर

सकाळी फळा पाहिला. रेघांवर रेघा. एकही त्रिकोण जुळलेला नाही. पुसवेना.

९ नोव्हेंबर

आज दार ढकललं.

रासिहच! जिवंत. डोळ्यांवर पट्टी. तोफेचा गोळा जवळ फुटला. पलीकडच्या काठावरच्या उस्कुदारच्या इस्पितळातून रोज होडीनं येतो, शाळेचा आचारी मागच्या दारानं आत घेतो.

"मला का नाही भेटलास?"
"परीक्षा राहिली होती, उस्ताद. तयारी झाल्याशिवाय कसा भेटू? ...वर्तुळ जमलंय का?"

वर्तुळाची टोकं वीतभर लांब पडली होती. "जमलंय," म्हणालो.
तो हसला. "युद्धानं तुम्हाला दयाळू केलं. आधी अर्धा गुणही फुकट द्यायचा नाहीत."

मग त्याचा हात धरला आणि दोघांनी मिळून काढलं. हात बर्फासारखा. आईला अजून कळवलेलं नाही त्यानं.

२६ नोव्हेंबर

रासिहच्या आईला मीच जाऊन सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "तुमच्याकडे धाडला तेव्हा दूरच्या जहाजावरचा झेंडा ओळखायचा."

झोप नाही.

१२ डिसेंबर

प्लेव्हना पडलं.

३ जानेवारी १८७८

रासिह पहिल्या वर्षाला शिकवू लागला. तोंडीच. पोरं ऐकून आकृत्या काढतात. एकानं विचारलं, "उस्ताद, आम्हालाही पाठवतील?" मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. रासिहनं पुढचं प्रमेय सांगायला घेतलं.

१७ जानेवारी

रशियन एडिर्नेजवळ आलेत. मंत्रालयानं आता पहिल्या वर्षाचीही मुलं मागितली — सोळा-सोळा वर्षांची!

१८ जानेवारी

हुकमावर सही न करता पहाटे सगळ्या मुलांना घरी धाडलं. शाळा रिकामी. नेव्हरेसनं माझे लोकरी मोजे काढून ठेवलेत. खाली शिपाई आलेत — मला न्यायला.