उज्जूची झोळी आणि बिनतारी फोन

२ एप्रिल १९९५, रविवार

परत कटला!

ह्यांचा फोन होता. सुरतेहून. दर रविवारी दुपारी येतो तोच. उज्जू मान धरते का विचारलं, अक्कांचा, म्हणजे त्यांच्या आईचा, गुडघा विचारला. मग म्हणाले, "आखाजीले येसू. मंग तुले नि उज्जूले संगे लई जासू. आयक, खोलीनं असं शे—" आणि टूं टूं टूं.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, महिना राहिला आणि नेमकं तिथंच! मागच्या रविवारीपण खोलीचं काढलं आणि कटला. खोली केवढी, पाणी कुठून आणायचं, शेजारी कोण — काही कळू देत नाही हा फोन. उज्जू रडत होती. मी एका हातानं फोन धरून नुसती हॅलो हॅलो करत बसले.

फोन आमच्या घरात आहे पण आमचा नाही, गावाचा आहे. शिरपूरकडून इथपर्यंत तार येत नाही म्हणून बिनतारी दिला. आमचं घर टेकाडावर, सगळ्यात उंच, म्हणून दिवाळीत इथं बसवला. धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, खांब, त्याच्यावर माशाच्या काट्यासारखं काहीतरी, बाजूला उन्हाची काच, तिच्यावरच फोन चालतो. घरात खोकं, खोक्यावर हिरवा दिवा. सगळ्यांना नंबर मी लावून देते. मी! चौथी शिकलेली! पहिले पहिले खोक्याला हात लावायची भीती वाटायची, करंट बसेल म्हणून. आता रोज फडक्यानं पुसते. कुंकवाचं बोटपण लावलंय, अक्कांना माहीत नाही.

पण जानेवारीत उज्जू झाली आणि तेव्हापासून हा कटायला लागला. कधी कटतो, कधी अर्धा तास बोला, काही होत नाही.

४ एप्रिल

लाईनमन तोताराम भाऊ आले शिरपूरहून, सायकल एसटीच्या टपावर टाकून. धाब्यावर चढले, उतरले, खोकं उघडलं, बंद केलं. मग फोन लावून त्यांच्या साहेबाशी बोलत बसले. बोलतायत, बोलतायत — कटतच नाही! उज्जू झोळीत गाढ झोपलेली. घरात चिडीचूप. मला इतकी लाज वाटली. जणू मी खोटं बोलून माणसाला उन्हात बोलावलं.

ते निवांत खाटेवर टेकले. चहा प्यायले. म्हणाले, "वहिनी, कटला की बघत जा, त्या टायमाला काय चालू होतं. वारा, ऊन, कावळा, काहीबी. मी चोवीस तास इथं बसू शकत नाही. तुम्ही बसलेल्या आहात."

म्हणजे मला काम देऊन गेले. बरं वाटलं.

५ एप्रिल

सापडलं वाटलं! धाब्यावर गेले तर अक्कांनी उन्हाच्या काचेवर बिबड्या, ज्वारीचे पापड, वाळत घातलेल्या! फडकं टाकून, ओळीनं. काचेला ऊन कुठून मिळणार?

मी काढायला लागले तर अक्का खालून — "काय करी राहिनी वं?" मी सांगितलं. तर म्हणतात, "सूर्य काय तुना फोनना बापना शे?" गुडघा दुखतो म्हणतात आणि शिडी चढून वर आल्या! सगळ्या बिबड्या खाटेवर नेल्या. दिवसभर बोलल्या नाहीत माझ्याशी.

६ एप्रिल

कटला. काच स्वच्छ होती. अक्कांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

८ एप्रिल

भिकुबाईच्या लेकीचा फोन आला धुळ्याहून. भिकुबाई शेजारीण, आवाज असा की फोनशिवाय धुळ्याला ऐकू जाईल! लेकीला दिवस गेलेत. "काय म्हने डॉक्टर? काय म्हने?" — आणि खरखर, दिवा गेला. उज्जू दचकून उठलेली, मी तिला झोका देत होते. भिकुबाई फोन धरून तशीच उभी. मग माझ्याकडे नाही, झोळीकडे बघून म्हणाली, "आंडेर उनी नि फोन बिघडना."

पोरगी आली म्हणून फोन बिघडला म्हणे! अक्का ऐकूनही खाली बघत निवडत राहिल्या. ते जास्त लागलं.

संध्याकाळी कौतिक नाना आले. सरपंच. दारातूनच बोलले. लोक तक्रार करतात. आखाजीपर्यंत नीट झाला तर ठीक, नाहीतर अर्ज देऊन फोन उखर्डूच्या घरी हलवू. वाईट नव्हते बोलत. पण बोलले.

उखर्डूचं घर गावाच्या पार त्या टोकाला. त्याचे भाऊ, गडी, बैठक. सुनेनं तिथं जाऊन उभं राहून नवऱ्याशी बोलायचं? मी नाही जाऊ शकणार. मग रविवारचं संपलं. उज्जूला तर ह्यांनी अजून पाहिलंसुद्धा नाही.

९ एप्रिल, रविवार

"आखाजीले येसू. खोलीनं आयक—" टूं टूं टूं.

रडले थोडी.

१२ एप्रिल

कावळे नाहीत. वारा नाही, दोनदा पाहिलं. वारा सुटला तेव्हा शाळेतले पुना गुरुजी नाशिकला निवांत बोलत होते! आणि आज पान हलत नव्हतं तर कटला. मला रात्रीसुद्धा तेच सुचतं. नजर उतरवली — उज्जूची पण, खोक्याची पण. मीठ मिरच्या एकाच मुठीत.

१६ एप्रिल, रविवार

ह्यांचा आवाज बारीक वाटला. विचारलं जेवता का. हो म्हणाले. मीच विचारलं आज, खोलीचं काय? परत टूं टूं.

१७ एप्रिल

अक्का उज्जूजवळ आहेत, तेवढ्यात लिहिते.

दुपारी उज्जूचं अंग चटका लागेल असं तापलं. डोळे वर करायला लागली. अक्का मळ्यात, मी एकटी. झोळीत टाकलं, फोनकडे धावले. खोकं आणि झोळी एकाच खोलीत, चार हातांवर. झोळीची दोरी नेहमीसारखी पायाच्या अंगठ्याला बांधलेली — भाकरी करताना, निवडताना, नंबर लावताना, मी अशीच झोका देते. शिरपूरच्या डॉक्टरांना लावला. "काय होतंय बाळाला?" म्हणाले — खरखर! दिवा गेला. परत लावला. उज्जू किंचाळतेय, मी पायानं जोरजोरात झोका देतेय. खरखर! मला वाटलं आता मी मरते.

मग दोरी सोडली, तिला उचलून खांद्यावर घेतलं, आणि तिसऱ्यांदा लावला. डॉक्टर बोलले. सगळं बोलले. ओल्या फडक्यानं अंग पुसा, अंगावर काही घालू नका, बाटलीतलं ते औषध इतकं द्या, सकाळच्या गाडीनं आणा. मी उलट सुलट विचारत होते, ते सांगत होते. कटला नाही! एवढा वेळ बोलले आणि कटला नाही.

ताप उतरला दिवेलागणीला. दूध प्यायली. अक्का तिचे तळवे चोळत बसल्यात.

१८ एप्रिल

डॉक्टर म्हणाले घशाचं आहे, घाबरायचं नाही. एसटीत येताना उज्जू मांडीवर झोपली. मी खिडकीतून बघत होते आणि एकदम डोक्यात आलं.

खांद्यावर होती तेव्हा कटला नाही. झोळीत होती, मी हलवत होते, तेव्हा कटला.

तोताराम भाऊ बोलले तेव्हा उज्जू झोपलेली. झोळी थांबलेली! गुरुजी हळू बोलतात, तेव्हा ती उठत नाही. भिकुबाई ओरडली, ती उठली, मी झोका दिला, कटला. ओरडणाऱ्यांचेच कटतात!

 कंडक्टर म्हणाला, बाई, शिरपूरपासून तुमचं तिकीट मागतोय.

१९ एप्रिल

करून पाहिलं!

फोन उचलला की भुंग्यासारखा आवाज येतो, दिवा लागतो. तो ऐकत झोळी हलवायची असं ठरवलं. पण रिकामी झोळी हलवायची नसते, लेकराला वाईट असतं. आणि उज्जूला त्यात ठेवून असली परीक्षा करायची माझी छाती नाही. मग कोनाड्यातलं गंगाफळ, लाल भोपळा, ठेवलं झोळीत. दुपट्यात गुंडाळून. हळू झोका दिला — भुंगा आहे. जोरात दिला — खरखर, दिवा गेला! थांबवलं — परत भुंगा! परत दिला — परत गेला! मी एकटीच हसायला लागले.

मागं अक्का उभ्या. कानाला फोन, अंगठ्याला दोरी, झोळीत गंगाफळ, आणि मी हसतेय.

"येडी झायी वं तू," म्हणाल्या.

मी त्यांच्या हातात फोन दिला, म्हटलं ऐका. झोका दिला. अक्कांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे असं पाहिलं! मग म्हणाल्या, आणखी एकदा. आणखी एकदा! पाच-सहा वेळा माझ्याकडून करून घेतलं.

छताखालचं मोठं लाकूड आहे, त्याच्यावरून फोनची वायर खिळ्यांनी आणलेली. उज्जूच्या बारशाला झोळी बांधली ती त्याच लाकडाला, दोरी वायरच्या वरूनच. कुणाच्या लक्षात आलं नाही. कशाला येईल?

२० एप्रिल

अक्का म्हणतात, "कोनलेच सांगू नको. झोळी दुसरीकडे बांध नि गप र्‍हाय." कारण भिकुबाई म्हणेल, मी म्हटलंच होतं, पोरीमुळेच. आणि गाव म्हणेल.

खरं आहे. झोळी उज्जूची. 

पण झोळी दुसरीकडे बांधली तरी खरखर येते मधूनमधून. वायर आतून दुखावली असणार. गप राहून भागणार नाही.

उज्जूनं काही केलं नाही. दोरीनं केलं. दोरी मी बांधलेली नाही, उज्जूनं तर नाहीच.

२१ एप्रिल

तोताराम भाऊंना निरोप दिला. खरं तेच सांगितलं.

२३ एप्रिल, रविवार

ह्यांचा फोन आला नाही. बरंच झालं. एकदा नीट होऊ दे, मग खोलीचं सगळं ऐकते.

२५ एप्रिल

आजचा दिवस मी विसरणार नाही!

तोताराम भाऊ आले, मागं कौतिक नाना, मागं भिकुबाई आणि अर्धी गल्ली. भाऊ स्टुलावर चढले. दोरीखालचा वायरचा तुकडा कापून खाली दाखवला. वरचं काळं रबर घासून गेलेलं, आतली तांब्याची जाळी केसासारखी तुटलेली. नाना चष्मा काढून बघत होते. भाऊ म्हणाले, "माझ्या हातानं ठोकलेली वायर, मला नाही दिसलं. मी आलो की पोरगी झोपलेली. वहिनींनी धरलं म्हणून सापडलं."

भिकुबाई लगेच, "मंग मी काय सांगी राहिंतू! आंडेर उनी तव्हयपाईनच ना!"

मला वाटलं मी नेहमीसारखी खाली बघेन. पण तोंडातून निघालं, "मावशी, आंडेर नही. दोर. दोरले बोला."

सगळे हसले. नानापण! भिकुबाईपण हसली शेवटी, आणि उज्जूचा गालगुच्चा घेतला. नाना जाताना म्हणाले, फोन इथंच राहील.

भाऊंनी नवी वायर भिंतीवरून नेली, झोळीपासून लांब. मग मला बसवून शिकवलं. आपली लाईन तुटली तर खरखर होते आणि हिरवा दिवा जातो. समोरच्यानं फोन ठेवला तर दिवा राहतो, आणि टूं टूं टूं येतं. "दिवा असला की समजा, आपल्याकडे सगळं ठीक आहे."

मी दोनदा म्हणून दाखवलं, शाळेतल्यासारखं.

२७ एप्रिल

भिकुबाई लेकीशी बोलली. पोटभर! डोहाळे, सासू, म्हैस, परत डोहाळे. उज्जू रडली, मी झोके दिले, दिवा हलला नाही. फोन ठेवून भिकुबाई म्हणाली, आता बोलायला काही उरलंच नाही वं माय!

विहिरीवर अक्का बायकांना सांगत होत्या. गंगाफळाचं. मी घागर घेऊन मागं उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. "मनी वहूनी धरं," म्हणाल्या. माझ्या सुनेनं धरलं! लग्नाला दोन वर्षं झाली, पहिल्यांदा ऐकलं.

३० एप्रिल, रविवार

लिंबाला आखाजीचा झोका बांधलाय. अक्का उज्जूला घेऊन तिथं बसल्या. घरात मी एकटी. झोळी रिकामी, थांबलेली. वारा नाही.

ह्यांचा फोन आला. मी एका दमात सगळं सांगितलं — दोरी, गंगाफळ, नाना. हसले. म्हणाले, "तू हुशार शे." मग मी म्हटलं आता फोन कटत नाही, आता खोलीचं सांगा.

 "आयक, खोलीनं—"

टूं टूं टूं.

मी दिव्याकडे पाहिलं. हिरवा. जळतोय.

मागच्या वेळीपण टूं टूं होतं. त्याच्या मागच्या वेळीपण. ह्यांच्या फोनला खरखर कधीच नव्हती.

१ मे

मीच लावला. हे म्हणाले होते, तू लावू नको, मालक चिडतो. कारखान्याखालच्या पानवाल्याचा नंबर. ह्यांचं नाव सांगितलं. पानवाला म्हणाला, "लीलाधर? यहीं तो बैठा है. दिनभर यहीं बैठता है, काम कहाँ है उसके पास?"

हे आले. मी म्हटलं, ठेवू नका.

"खोली नही शे," म्हणाले. मग, "काम बी नही. होळीपासून."

मी म्हटलं, उद्या आखाजी. घरी या. उज्जू मान धरते आता, बघायला या.

 फोन ठेवला नाही त्यांनी. मीपण नाही. दिवा हिरवा होता.